उंबरठ्यापलीकडचे आजोबा

पत्राचा सारांश : पुण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने चार पानी पत्र पाठवले आहे. घरात सासू-सासरे, पती आणि एक मुलगा. सासऱ्यांचे वय ७६. मधुमेह जुना आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. टाळेबंदी लागली तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. शिशुवर्ग त्याने मोबाइलच्या पडद्यावर केला आणि जून २०२२ मध्ये तो पहिल्यांदा प्रत्यक्ष शाळेत गेला. त्याच ऑगस्टमध्ये तो तापाने फणफणला, फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात एकदा तरी घरात फ्लू येतोच. गेल्या पावसाळ्यात तो सासऱ्यांना झाला, न्यूमोनियावर गेला आणि नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्या आठवड्यात पतीही कणकण असताना गोळी घेऊन कामावर जात होते. घरी आल्यापासून या भगिनीने करोनाकाळातले नियम पुन्हा लावले आहेत. मुलगा, आता दुसरीत, शाळेतून आल्यावर आजोबांच्या खोलीत जात नाही. उंबरठ्यावर उभा राहून वही उंच धरून दाखवतो. सासूबाईंचे म्हणणे असे की कोंडून ठेवल्यामुळेच पोर नाजूक झाले. पती म्हणतात, करोनात फ्लू कुठेच नव्हता, म्हणजे फ्लूलाच करोना म्हणत होते. भगिनी विचारतात : आम्ही त्याची प्रतिकारशक्ती घालवली का? त्या उपायांनी फ्लू नाहीसा होत असेल, तर तेच उपाय घरात कायमचे का ठेवू नयेत? पावसाळ्याचे तीन महिने मुलाला शाळेतच पाठवू नये का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यांच्या मागे एक न विचारलेला हिशेब दिसला. मुलाला ताप आला तो तुमच्या निर्णयांमुळे आणि सासऱ्यांना न्यूमोनिया झाला तो मुलामुळे, असे तुम्ही मनाशी धरून चालला आहात. घरातले सगळे नियम या हिशेबावर उभे आहेत, म्हणून आधी तो तपासू या.

सुरुवात पतींच्या शंकेपासून करतो, कारण ती वाटते तितकी टाकाऊ नाही. आपण अजूनही ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो त्या एच१एन१चे भारतात २०१९ मध्ये सुमारे २८,८०० रुग्ण नोंदले गेले आणि १,२१८ मृत्यू झाले. २०२० मध्ये नोंदलेले रुग्ण पावणेतीन हजारांवर आले आणि २०२१ मध्ये आठशेच्याही आत. याच काळात आपल्या प्रयोगशाळा करोनाच्या नमुन्यांखाली दबल्या होत्या आणि साधा खोकला झालेला माणूसही दवाखान्याची पायरी चढायला घाबरत होता. त्यामुळे केवळ आपले आकडे पाहून कोणी म्हणाले की शोधलाच नाही म्हणून सापडला नाही, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. मात्र जिथे शोध चालू राहिला तिथले चित्रही पाहायला हवे. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत एप्रिल ते जुलै २०२० या तिथल्या ऐन थंडीच्या महिन्यांत ८३,३०७ नमुने फ्लूसाठी तपासले गेले आणि त्यांतील ५१ मध्ये फ्लू निघाला. त्याआधीच्या तीन वर्षांत याच महिन्यांत शंभर नमुन्यांमागे तेरा-चौदा निघत असत. दोन्ही विषाणूंच्या चाचण्या वेगवेगळे जनुकीय तुकडे शोधतात, त्यामुळे एकाचा रुग्ण दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही. फ्लू खरोखरच खाली बसला होता.

मग त्याच उपायांनी फ्लू बसला आणि करोना का बसला नाही, हा पुढचा प्रश्न तुमच्या घरात नक्की निघेल. त्याचे उत्तर गुणाकारात आहे. हंगामी फ्लूचा एक रुग्ण सरासरी १.३ जणांना आजार देतो असे धरा, आणि सुरुवातीच्या करोनाचा रुग्ण अडीच जणांना. लोकांनी मास्क, अंतर, बंद शाळा, बंद गाड्या अशा सगळ्यांनी मिळून संसर्गाच्या संधी निम्म्या केल्या, तर फ्लूचा आकडा ०.६५ होतो आणि करोनाचा १.२५. दोन्हींचे एक-एक हजार रुग्ण घेऊन हा गुणाकार दहा वेळा केला, तर फ्लूचे तेरा-चौदा रुग्ण उरतात आणि करोनाचे नऊ हजारांच्या पुढे जातात. फ्लूची एक फेरी साधारण तीन दिवसांची असते, म्हणजे त्याचा निकाल महिन्याभरात लागतो. एक या आकड्याच्या किंचित वर जगणाऱ्या आजाराला निम्मा धक्काही पुरतो. दुसऱ्याला तो पुरत नाही.

याच गुणाकारात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. फ्लू हटला तो सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडता घेतल्यामुळे. शाळा बंद होत्या, सिनेमागृहे बंद होती, जगभरातले विमानप्रवासी एका वर्षात साठ टक्क्यांनी घटले होते. यांतील कोणत्या उपायाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण सगळे एकदमच झाले. हाँगकाँगमध्ये २०२० च्या सुरुवातीला लोकांनी आपणहून मास्क लावले, शाळा बंद झाल्या आणि चालू असलेला फ्लूचा हंगाम काही आठवड्यांत आटोपला. मास्कची सक्ती १ मार्च २०२३ रोजी उठली आणि एप्रिलमध्ये हंगाम पुन्हा सुरू झाला. सत्तर-पंचाहत्तर लाखांच्या शहराचा हा परिणाम पाच माणसांच्या घरात मिळवता येत नाही. तुमचा मुलगा वर्गातल्या मुलांबरोबर पाच तास बसतो, पावसामुळे काचा चढवलेल्या व्हॅनमधून अर्धा तास प्रवास करतो आणि घरी आल्यावर आजोबांपासून आठ फुटांवर उभा राहतो. स्पष्ट लिहितो, रागवू नका : टाळेबंदीची किंमत तुम्ही पूर्ण मोजत आहात, पण तिचा लाभ तुमच्या पदरात पडण्याची व्यवस्थाच आज अस्तित्वात नाही.

आता सासूबाईंकडे येतो. त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, पण ती तुमच्या मुलाची नाही, सगळ्या गावाची आहे. फ्लूशी गाठ पडली नाही अशी दोन-अडीच वर्षे गेली, तेव्हा लहान मुलांच्या दोन-तीन तुकड्या एकदमच शाळेत शिरल्या आणि मोठ्यांच्या शरीरातील जुनी ओळखही पुसट झाली. खडकवासला धरणाचे दरवाजे उघडले की पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो, तसेच काहीसे झाले. २०२२ मध्ये देशातील एच१एन१चे नोंदलेले रुग्ण पुन्हा तेरा हजारांवर आणि मृत्यू चारशेवर गेले. त्या पावसाळ्यात आपल्याकडे रुग्णांची रीघ लागली होती, आणि तुमच्या मुलाचा ऑगस्टमधला ताप बहुधा त्याच पुरातला. पुढे फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराची लाट आली, ती त्याचा दुसरा ताप. ऑस्ट्रेलियात हेच अधिक ठसठशीत दिसले : २०१९ मध्ये तीन लाखांहून अधिक नोंदी, २०२१ मध्ये हजाराच्याही आत, आणि २०२२ मध्ये पुन्हा दोन लाखांच्या पुढे, त्याही नेहमीपेक्षा लवकर. हंगाम केवळ हवामानाने ठरत नाही, किती जणांच्या शरीरात ओळख शिल्लक आहे त्यानेही ठरतो, हे या उलथापालथीने दाखवून दिले.

याला काही डॉक्टरांनी ‘प्रतिकारशक्तीची उधारी’ असे नाव दिले आणि ते घरोघरी पोहोचले. मला हा शब्द आवडत नाही. उधारी म्हटली की व्याज आले, दोष आला आणि उधारी करणारा आला. तुमच्या घरात तो दोष तुमच्या माथी आलेला आहेच. प्रतिकारशक्ती म्हणजे न वापरल्याने रोडावणारा दंडाचा स्नायू नव्हे. तुमचे बाळ घरात असताना जमिनीवर रांगत होते, भाजीभाकरी खात होते, त्याचे नेहमीचे डोस चालू होते. त्याच्या शरीराचे शिक्षण बंद पडले नव्हते, फक्त फ्लू नावाचा एक धडा पुढे गेला होता. शाळेचे पहिले वर्ष हे आजारपणाचे वर्ष असते, ते अडीचाव्या वर्षी येवो की चौथ्या. धडधाकट मुलालाही त्या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो. उलट फ्लूचा धोका सर्वांत जास्त असतो तो दोन वर्षांखालील बाळांना, आणि ते वय तुमच्या मुलाने सुखरूप ओलांडले. अमेरिकेत २०१९-२० च्या हंगामात फ्लूने १९९ मुले दगावल्याची नोंद आहे आणि २०२०-२१ मध्ये एक. २०२४-२५ मध्ये हा आकडा पुन्हा अडीचशेच्या वर गेला. पुढे ढकललेल्या आजाराचे मोल सासूबाईंना सांगायचे असेल, तर हे तीन आकडे पुरेसे आहेत. त्यांचा मान राखून सांगा, म्हणजे पटायला सोपे जाईल.

तुम्ही लिहिले आहे की २०२१ मध्ये घराबाहेर न पडताही त्याचे नाक वाहत असे आणि त्यामुळे मास्कवरचा तुमचा विश्वास डळमळला. त्याचा खुलासा छोटा आहे. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस त्या काळातही फिरत राहिला. फ्लू आणि करोना यांच्या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने, सॅनिटायझरने ते फाटते. ऱ्हायनोव्हायरसला ते आवरणच नाही, त्यामुळे तो हातांवर आणि दाराच्या कड्यांवर चिवटपणे टिकतो. एकाच उपायाने सगळे आजार सारखे थांबत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

थोडे विषयांतर करतो, पण पुणेकर म्हणून राहवत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये नायडू रुग्णालयासमोर लागलेली रांग मी पाहिली आहे; देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू याच शहरात झाला होता. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, मेडिकलच्या दुकानांतले मास्क संपले आणि लोक तीन पदरी रुमाल बांधून फिरू लागले. तो फ्लू मात्र तेव्हा बसला नाही. विषाणू नवा होता, जवळजवळ कोणाच्याच शरीरात त्याची ओळख नव्हती आणि आपले निर्बंध जेमतेम आठवड्याचे होते. त्याने आधीच्या एच१एन१ला कायमचे हुसकावून लावले आणि आज तुमच्या घरी पावसाळ्यात येतो तो त्याचाच वंशज आहे. म्हणजे महासाथीने हंगामी फ्लूचे रूप बदलणे ही काही करोनाचीच करामत नाही. करोनाकाळात उलटे घडले : इन्फ्लुएन्झा ‘बी’ विषाणूचा यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये तो लसीतून वगळण्याची शिफारस केली. उद्या औषधविक्रेत्याने चार घटकांच्या लसीऐवजी तीन घटकांची पुढे केली, तर आपल्याला कमी दर्जाची दिली असे समजू नका; चौथा पाहुणा येईनासा झाला आहे. बाकीचे वंश उष्ण प्रदेशांत तग धरून राहिले. २०२० च्या उत्तरार्धात कंबोडियात एच३एन२ फिरत होता, आणि पुढच्या वर्षीच्या लसीत तिथलाच नमुना घ्यावा लागला.

आता करायचे काय. शाळा तीन महिने बुडवण्याचा विचार सोडून द्या, त्यावर जास्त लिहीत नाही. फ्लू जानेवारी ते मार्चमध्येही येतो. मग काय, सहा महिने घरी ठेवणार?

लसीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण पत्रात तिचा उल्लेख एकदाच, तोही सासऱ्यांना ‘एकदा दिली होती’ असा आहे. ही लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसीने आलेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरते. महाराष्ट्रात फ्लूची मुख्य लाट जुलै ते सप्टेंबरमध्ये असते, त्यामुळे एप्रिलअखेर ते मे ही योग्य वेळ. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. पाहिजे ती दक्षिण गोलार्धासाठी ठरवलेली चालू वर्षाची लस, एवढे डॉक्टरांकडे विचारून घ्या. मुलाने ही लस कधीच घेतलेली नसेल आणि नऊ वर्षे पूर्ण झाली नसतील, तर पहिल्या वर्षी त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील, म्हणजे त्याची सुरुवात एप्रिलमध्येच करावी लागेल. अपेक्षाही रास्त ठेवा : लस आणि विषाणू चांगले जुळतात त्या वर्षी दवाखान्यापर्यंत नेणारा फ्लू साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी टळतो. वृद्ध शरीर लसीला कमी प्रतिसाद देते, म्हणून सासऱ्यांची लस जितकी महत्त्वाची तितकीच तुम्हा चौघांची. त्याच भेटीत न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरच्या, लसीबद्दलही विचारा.

घरातला नियम बदला. उंबरठा बंद करायचा तो आजारी माणसासाठी, मग तो कोणीही असो. ज्याला ताप किंवा खोकला आहे त्याने मास्क लावावा, वेगळ्या खोलीत झोपावे, आणि ताप गोळीशिवाय पूर्ण एक दिवस उतरलेला राहीपर्यंत तसेच वागावे. सासऱ्यांच्या जवळ जायला आणखी दोन-तीन दिवस थांबले तर उत्तम. बाकीच्या दिवशी मुलाने हातपाय धुऊन खुशाल खोलीत जावे. हा नियम अभेद्य नाही, कारण फ्लूचा माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून संसर्ग पसरवू शकतो. पण तो वर्षभर पाळता येईल असा आहे, आणि पाळला जाणारा नियमच कामाचा. सासऱ्यांच्या खोलीची एक खिडकी पाऊस नसताना उघडी राहील असे बघा.

याच नियमापाशी मला तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावरचे वाक्य आठवते. सासरे आजारी पडले त्या आठवड्यात पती कणकण असताना गोळी घेऊन कामावर जात होते, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मुलाला ताप आला तो त्यानंतर दोन दिवसांनी, हेही तुम्हीच लिहिले आहे. मग फ्लू मुलानेच आणला हे कशावरून? तो कामावरून आला असेल, लिफ्टमधून आला असेल, सासऱ्यांनी स्वतः बँकेच्या रांगेतून आणला असेल. मी पतींवर ठपका ठेवत नाही. ताप अंगावर काढणे ही आपल्याकडे मर्दुमकी समजली जाते आणि रजा मागणे सोपे नसते. पण करोनात फ्लू होता की नव्हता हा वाद त्यांच्याशी जिंकण्यापेक्षा, ताप आला तर दोन दिवस घरी राहीन एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतलेत, तर सासऱ्यांचा फायदा जास्त आहे. शाळेच्या पालकसभेतही हा विषय काढा. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस ठेवणारी शाळा तापातल्या मुलांना वर्गात बोलावते, हे सांगायला कोणीतरी उठले पाहिजे. व्हॅनच्या काकांना दोन काचा बोटभर खाली ठेवायला सांगणे हे त्याहून सोपे काम.

सासऱ्यांसाठी पावसाळ्याआधीच त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा की ताप आला तर पहिल्याच दिवशी फोन करू. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो, आणि वय, मधुमेह, हृदयविकार असलेल्या रुग्णाला चाचणीच्या अहवालासाठी न थांबता ते द्यावे असे सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. ते स्वतःहून दुकानातून आणू नका, आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्याही देऊ नका; विषाणूवर त्यांचा उपयोग होत नाही. धाप लागली, गुंगी आली, बोलणे असंबद्ध झाले किंवा बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९४ च्या खाली दिसला, तर फोनही न करता रुग्णालय गाठा.

एक गोष्ट राहिली. चार पानांत सासूबाईंचे म्हणणे आहे, पतींचे आहे, शेजारच्या काकूंचेही आहे. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे त्या सासऱ्यांचे म्हणणे कुठेच नाही. नऊ दिवस रुग्णालयात काढलेल्या माणसाला धोका म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळते. एकदा चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा, वर लिहिलेले सारे त्यांना सांगा आणि नातू रोज संध्याकाळी खोलीत आलेला त्यांना चालेल का, हे त्यांनाच विचारा. दुसरीतल्या मुलाची पेन्सिलीची अक्षरे उंबरठ्यावरून त्यांना, चष्मा असला तरी, दिसत नसणारच.